बारवेची भाक

१९३८ च्या मार्चमध्ये मी खापर गावाहून उंबरखोऱ्यात गेले ती नारूच्या कामासाठी. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. पश्चिम खानदेशातले पाणवठे तपासणाऱ्या तुकडीत मी एकटीच बाई होते. बायका पाणी भरतात तिथे पुरुषांना दिवसभर ठाण मांडून बसता येत नसे, म्हणून हे खोरं माझ्या वाट्याला आलं. सामान थोडं होतं: सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या, मलमल, चुना, स्टो आणि प्यायचं पाणी उकळायचं पितळी पातेलं.

वाट दाखवायला खापरचे मिठाचे व्यापारी उमेदमलजी सोबत होते. त्यांची गाडी दर बाजारानंतर खोऱ्यात जाई.

"बाई, तिथं मीठ द्या, चुना द्या, औषध द्या," ते म्हणाले. "भाक तेवढी देऊ नका."

"तुम्ही कधी दिलीत?"

"आम्ही व्यापारी. आम्ही भाव देतो," ते हसून म्हणाले आणि बैलांना उगाचच हाकारू लागले.

नारूचा हिशेब सरळ आहे. पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांत त्याची पिल्लं असतात. असं पाणी न गाळता प्यायलं की कृमी माणसाच्या अंगात वर्षभर वाढतो, मग पायाला फोड आणून बाहेर येतो. फोडाची आग पाण्यात पाय बुडवला की शमते, आणि नेमकं तेव्हाच तो आपली पिल्लं पाण्यात सोडतो. यासाठी त्याला पायऱ्यांची विहीर लागते. पायऱ्या चिणल्या आणि वर रहाट बसवला की पाण्याला पाय लागत नाही आणि रोग संपतो. दुसरीकडे हे झालेलं मी पाहिलं होतं.

उंबरखोऱ्यात पाण्याची जागा एकच, ती बारव. मी उतरले होते त्या घरच्या रूपलीबाईची मुलगी काली अंगणात पाय पसरून बसलेली असे. घोट्यातून निघालेला नारू काडीवर गुंडाळलेला होता आणि रूपलीबाई तो रोज केसभर ओढी. कालीचा एक गुडघा आखडला होता. आणखी एक उन्हाळा असाच गेला असता तर ती पुन्हा चालली नसती.

खोऱ्यात पाटील नव्हता, तलाठी नव्हता, पुजारीही वेगळा नव्हता. ही सगळी कामं भाकदाराची. पेरणीचा दिवस तोच ठरवी, बांधांचे तंटे तोच मिटवी, मेलेल्यांचं पाणी तोच सोडी. त्या वेळी भाकदार एक बाई होती. दिवलीबाई पन्नाशीची, उंच, मोठ्यानं हसणारी. कमरेच्या पिशवीत मधमाशीच्या मेणाचा गोळा असे. खापरच्या बाजारात शिकलेली अहिराणी ती झोकात बोलायची.

तिचं भाकघर म्हणजे कुडाचं लांब घर, आत आढ्यापर्यंत मडक्यांच्या उतरंडी. खोऱ्यात कुणी शब्द दिला की तो नावानिशी कोऱ्या मडक्यात बोलायचा. भाकदार मडक्याचं तोंड फडक्यानं आणि मेणानं बंद करी. मेण शाबूत तोवर शब्द शाबूत. कुठल्या मडक्यात काय आहे हे पाठ करण्यात दिवलीबाईचं तरुणपण गेलं होतं.

"मडक्याशी कान नेला की घोंघावतं, ते बाहेरच्या आवाजानं," मी तिला समजावलं. "पोकळ भांडं आसपासचा आवाज उचलतं आणि वाढवतं."

तिनं लक्ष देऊन ऐकलं. तिला ते पटलंही.

"बराबर शे बाई. आवाज बाहेरनाच शे," ती म्हणाली. "पन कोना?"

शेजारच्या रायसिंगनं भावाच्या बांधापलीकडे पाऊल टाकणार नाही अशी भाक दिली होती. एका सकाळी त्याची शेळी भावाच्या कुंपणात अडकून ओरडत होती. रायसिंग बांधापाशी उभा होता. पुढे व्हायला गेला की पोटऱ्या थरथरत, चेहरा घामानं निथळे. शेवटी रूपलीबाईनं जाऊन शेळी सोडवली.

"एवढा मोठा बाप्या, नि शेळीले भ्याय ऱ्हायना!" ती ओरडली. रायसिंग हसला नाही.

माणसाच्या मनावर रीतीचा केवढा पगडा असतो याचं ते मला उत्तम उदाहरण वाटलं.

दुपारी बारवेवर कुणी नसे. उन्हामुळे, असं मी धरलं. नमुने घ्यायला ती वेळ मला सोयीची होती. मी वरच्या कठड्यावर बसून दोरीनं बाटली सोडत असे. पाण्यात मी एकदाही उतरले नाही. सूर्य डोक्यावर आला की शेवटच्या पायरीपासून पाण्यावर वलयं उठत आणि समोरच्या भिंतीपर्यंत जात. मग पायरीपाशी पाणी जरासं खळबळे, कुणी ओंजळ भरून घ्यावी तसं. बेडूक असावेत. नमुन्यांत मला बेडकाचं अंडं किंवा पिल्लू कधी मिळालं नाही, तरी बेडूक असावेत.

पाण्यात किडे सापडले. मी दिवलीबाईला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. ती बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली.

"गंज, पुष्कळ नाचतस," ती म्हणाली. "पायऱ्या बंद करा. माले कबूल शे."

इतक्या लवकर होकार येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

बारव खोदली तेव्हा पाणी लागेना. तेव्हा रेवाबाई नावाच्या बाईनं भाक दिली: रोज दुपारी मी या पाण्यात उतरेन आणि ओंजळभर पाणी पिईन. पाणी लागलं, आणि त्यानंतर कधी आटलं नाही.

"रेवाबाई जाऊन किती काळ झाला?"

"आम्हना आज्याले बी ठावं नही."

"मग ती भाक संपली."

"मेण कुठे फुटनं?" दिवलीबाई म्हणाली. "ती उतरस ना रोज. तिनी वाट मी चिणू शकत नही. भाक दुसऱ्याना नाववर व्हई, तर तिले सुट्टी. मंग खुशाल चिणा."

"दुसरा कोण?"

"ते मी मांगू शकत नही. कोनी दिधी तर लेऊ शकस. हाऊ मन्हा कायदा शे."

मी विचार केला तो असा. एका मृत बाईच्या नावावर एक काल्पनिक जबाबदारी आहे. ती जिवंत माणसाच्या नावावर घेतली की गवंडी कामाला लागतात. खोऱ्यातल्या कुणाला हे सांगितलं तर तो आयुष्यभर रायसिंगसारखा थरथरेल. मला मात्र या रीतीनं काही होणार नव्हतं. इतका स्वस्त उपाय मला कुठल्याच गावात मिळाला नव्हता.

"माझ्या नावावर करा," मी म्हणाले.

उमेदमलजी भाकघराच्या दारात मीठ मोजत होते. त्यांनी माप खाली ठेवलं आणि ते गाडीकडे निघून गेले.

दिवलीबाईनं मागच्या उतरंडीतून एक काळं मडकं काढलं. नखानं मेण सोडवलं. रीतीप्रमाणे आधीची भाक ऐकून मग आपली द्यायची होती. मी कान लावला.

आत कुणीतरी पायऱ्या उतरत होतं.

अनवाणी पावलं, ओल्या दगडावर, घाई नसलेली. स्वतःच्या नाडीचा आवाज कानात असाच घुमतो हे मला माहीत होतं. मी मनगट धरून पाहिलं. नाडी भरभर चालली होती. पावलं मात्र संथच होती.

मी मडक्यात माझं नाव सांगितलं, वडिलांचं नाव, गाव. मग स्वच्छ शब्दांत भाक दिली. रोज दुपारी मी या पाण्यात उतरेन आणि ओंजळभर पाणी पिईन.

"आते ऐका," दिवलीबाई म्हणाली.

मी ऐकलं. काही नव्हतं.

पावलं नव्हती, आणि घोंघावणंही नव्हतं. पोकळ भांड्यात इतकी शांतता असू शकत नाही. मी शेजारचं एक रिकामं मडकं कानाला लावलं. ते घोंघावत होतं. पुन्हा काळं मडकं लावलं.

दिवलीबाईनं ते माझ्या हातातून घेतलं आणि मेण लावलं.

पुढच्या आठवड्यात वरच्या पायरीपाशी विटांची भिंत उभी राहिली. तोंडावर फळ्या पडल्या आणि मध्ये रहाट बसला. नंदुरबारला तुकडीत परत येऊन मी पुढच्या गावांच्या कामाला लागले.

वर्ष उलटून गेल्यावर पाहणीसाठी पुन्हा गेले. भिंतीआधीच्या पाण्याचे नारू तोवर निघून गेले होते आणि खोऱ्यात नवा रोगी एकही नव्हता. काली डोक्यावर हंडा घेऊन चालत होती, थोडी लंगडत, पण चालत होती. माझा निर्णय बरोबर होता. आजही मी तेच म्हणेन.

रूपलीबाईनं घोंगडी अंथरली.

"आज वरतून उनात?" ती म्हणाली. "बोलतस बी! रोज रहाटवरून हाक मारस, तुम्ही वर दखतस बी नही."

"मी तर वर्षानं आले. रोज कुठे?"

तिनं बारवेकडे बोट केलं, आणि मग चूल फुंकू लागली.

मी बारवेवर गेले. भिंत तपासली. चुना पक्का होता, कुठे फट नव्हती. फळी सरकवून मी आरशानं ऊन आत टाकलं. वर्षभर कुणाचा पाय न लागलेल्या पायऱ्यांवर हिरवं, जाड शेवाळ चढलं होतं. प्रत्येक पायरीच्या मधोमध मात्र दगड स्वच्छ होता. एका पावलापुरता.

मी तिथे माझं पाऊल मनातल्या मनात ठेवून पाहिलं. मग आरसा पिशवीत ठेवला.

सकाळपासून उजवा घोटा जळत होता. चालण्यानं बूट लागला असेल असं मी धरलं होतं. कठड्यावर बसून मी बूट काढला, मोजा काढला.

वर्षभर मी उकळलेलं, गाळलेलंच पाणी प्यायले होते. घोट्यावर फोड आला होता.

रहाटाभोवती पाच-सहा बायका होत्या. दिवलीबाईही होती. तिनं फोडाकडे पाहिलं नाही. तिनं वर सूर्याकडे पाहिलं, आणि भिंतीच्या बाजूची वाट सोडून ती अदबीनं बाजूला झाली.

"दुपार व्हयनी, बाई," ती म्हणाली.

आणि सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाठ केली.