पिकाला पर्याय

प्रतिक्षाने पवनी तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागारागातच लिहिलं होतं, ‘माझं नेहमीचं पिक कंपनीने बंद केलं. आठ दिवसांत पर्याय हवा. कोणाला माहीत आहे का?’

अर्ध्या मिनिटात उत्तर हजर. ‘नमस्कार ताई. धान उभं असतानाच बांधीत लाखोरी फेका. बियाणं दुकानात आहे. – अतुल, कृषी केंद्र, आसगाव.’

लाखोरीची डाळ! गिटारच्या तारा छेडायचं ते चिमुकलं पिवळं पिक, आणि या माणसाने त्याचं शेत करून टाकलं! दुसऱ्याच दिवशी गिटार पाठीला अडकवून ती त्याच्या दुकानात उभी.

“मले लाखोरी सांगणारे तुमीच काय?”

खताच्या पोत्यांमागून एक उंच तरुण वर आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं... आणि हसू दाबायला मान खाली घातली.

“माफ करा ताई. इकडं पिक म्हटलं का—”

“ताई नका म्हणू! अन् हसून काहून राहिले?”

हसण्यासारखं होतं काय त्यात? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात पहिल्यांदाच गिटार वाजणार होती. तिथे दरवर्षी पेटी वाजवणाऱ्या परसरामकाकांनी बजावलं होतं, ‘एकदा वाजवून पाह्य. नाही जमलं तर आपली पेटी बरी.’ तिच्या घामेजल्या बोटांतून न निसटणारं तेवढं एकच पिक होतं. शेवटचं परवा तुटलं. बंद करायला कंपनीच्या बापाचं काय जातंय!

“मी कापून देतो,” अतुल म्हणाला. “जाडी केवढी पाहिजे?”

बियाण्याच्या पाकिटाचं कापलं, ते लुळं पडलं. फुटक्या बादलीचं कापलं, ते तारेला अडकलं. ती रोज यायची, वाजवायची आणि भडकायची.

“हे तर पत्र्यावर गोटे पडल्यावानी वाजून राहिलं!”

“मंग उद्या या.”

“उद्या काहून? आत्ता कापा!”

“आत्ता जमलं तर... उद्या कायले यान तुमी?”

याचाही तिला संतापच आला. मात्र पहिल्या दिवसानंतर त्याने एकदाही ताई म्हटलेलं नव्हतं, हे घरी जाताना तिच्या बरोबर लक्षात आलं.

सातव्या दिवशी त्याने काचपेपरने घासलेलं एक पांढुरकं पिक तिच्या तळहातावर ठेवलं. ते निसटलं नाही, अडकलंही नाही.

विहारात ती वाजवत गेली आणि परसरामकाकांनी पेटी बाजूला सारून ताल धरला. गाणं संपल्यावर तिने पिक उलटं करून पाहिलं. एका कोपऱ्यात पुसट इंग्रजी अक्षरं राहिली होती, ‘ASGAON, TAL. PAU...’ आणि वर फोटोतला एक डोळा. ओळखीचा!

ती तरातरा फाटकाशी गेली. तो सायकल धरून उभा होता.

“लायसन्स कापलं? अक्कल आहे का तुमाले? आता गाडी कोण चालवन?”

“दुसऱ्या कशाचीच जाडी जुळत नव्हती,” तो पुटपुटला. “नवं काढीन मी. पण हे राहू द्या तुमच्याजवळ. माझा एक डोळा तुमच्या हातात राहिला तर... चालन?”

“नाही चालन!” तिने पिक मुठीत घट्ट धरलं. “एका डोळ्याचं मी काय करू? मले अख्खा माणूस पाहिजे.”

अतुलच्या हातातली सायकल धाडकन खाली पडली.

“राहू दे ती तिथंच,” प्रतिक्षाने स्कूटीची चावी काढली. “बस मांगं. माह्याजवळ लायसन्स आहे.”