काचेतली बंदूक

सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यातला फोन वाजला. युद्धसंग्रहालयातली सर्वांत दुर्मीळ रायफल गायब झाली होती. तिच्या जागी कपाटात दुसरीच उभी होती.

तपास अधिकारी बाई पोहोचल्या, तेव्हा क्युरेटर दारातच उभे होते.

"आता उगवलात? आधी त्या बंदूकवाल्याला आत टाका, चौकशी मागाहून करा."

"कुणाला आत टाकायचं ते मी ठरवते. गेलंय काय, ते सांगा."

गेलेली रायफल सैन्याने केवळ चाचणीसाठी घडवली होती. मोजक्याच बनल्या, पसंत पडल्या नाहीत, वितळवल्या गेल्या. ही एक उरली. गोळी भरायला साध्या रायफलीचा बोल्ट आधी फिरवावा लागतो, मग ओढावा लागतो. हिचा नुसता मागे ओढला की काम झालं. कपाटातल्या बंदुकीचा बोल्ट मात्र फिरत होता.

"गेल्या महिन्यात साफसफाईला बंदूकवाल्याकडे धाडली," क्युरेटर म्हणाले. "परत आली ती शिपायाने कपाटात ठेवली. आज बाहेरचे तज्ज्ञ यायचेत, म्हणून फोटोशी ताडून पाहिली, तर हे ध्यान! हिच्यातून गोळी सोडाच, ठिणगीसुद्धा उडायची नाही."

"बंदुकांमधलं बरंच कळतं तुम्हाला."

"छे! मी पुस्तकांतला माणूस. उभ्या जन्मात बंदुकीला हात लावला नाही."

बाईंनी रायफल काढून त्यांच्या हातात दिली आणि गुंडाळायला कापड काढण्यासाठी पाठ वळवली. खाडकन आवाज झाला. बाईंनी वळून पाहिलं. दस्त्याचं बूड क्युरेटरांच्या उजव्या बुटाला चिकटून फरशीवर होतं, नळी सरळ उभी.

"जड आहे हो," क्युरेटर म्हणाले.

बंदूकवाल्याच्या दुकानाला तक्रारीनंतर लगेच सील लागलं होतं. त्याची मुलगी बाहेरच ठाण मांडून बसली होती.

"या! कुलूप ठोकून झालं, आता पाहुणचार हवाय का?"

"रायफल परत कुणी नेली?"

"मी. क्युरेटरच्या टेबलावर ठेवली. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही."

"साक्षीदार?"

"साक्षीदार लागतात चोरांना," दुकानामागच्या राहत्या खोलीतून बंदूकवाला गुरगुरला. "परवाना गेला तर या वयात मी काय भाजी विकू?"

"आधी ही उघडा. मग ओरडा."

बाईंच्या देखत त्याने बोल्ट काढून त्याचे भाग सुटे केले. गंज एवढा धरला होता की त्याला तीनदा शिव्या घालाव्या लागल्या. काडतुसावर आपटून गोळी उडवणाऱ्या आतल्या पिनेचं टोक कापलेलं होतं. दस्त्याच्या बुडाचा पत्रा एका कोपऱ्यात झिजून पातळ झाला होता आणि वरचं लाकूड चिरलं होतं.

"हा बोल्ट अलीकडे कुणी उघडला असेल?"

"वर्षानुवर्षं नाही. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"आणि बूड असं कशाने झिजतं?"

"ते तुम्ही शोधा. पगार घेता ना?"

बाई शोधायला निघाल्या. सुरक्षारक्षक घडवणारी एक शाळा गावाबाहेर होती. तिथल्या सिमेंटच्या मैदानावर जुन्या रायफली घेऊन रांग उभी होती. हुकूम सुटला, सगळे दस्ते एकदम जमिनीवर आदळले. बाईंनी शिक्षकाला बाजूला बोलावून दोन प्रश्न विचारले.

संध्याकाळी संग्रहालयात त्यांनी बंदूकवाला, त्याची मुलगी आणि क्युरेटर यांना एकत्र बसवलं.

"ही रायफल लढाईत गेलेलीच नाही," बाई म्हणाल्या. "लढणारा माणूस बंदूक जपतो. हिचं बूड झिजलंय ते रोज सिमेंटवर आपटून. कवायतीत जितका मोठा आवाज, तितका शिकवणारा उस्ताद खूश. अपघात नको म्हणून पिनेचं टोक कापतात. ही कवायतीची बंदूक आहे."

"म्हणजे बंदूकवाल्यानेच कुठून तरी आणली!" क्युरेटर म्हणाले.

"हिच्यातून ठिणगीही उडायची नाही, हे तुम्ही सकाळीच म्हणालात. पिन बोल्टच्या आत असते. आणि बोल्टचे भाग गंजून एकमेकांत अडकले होते, वर्षानुवर्षं कुणी सुटे केले नव्हते. कापलेली पिन दिसली कुठून?"

"अंदाज केला."

"आणि बंदूक हातात येताच ती बुटाशी आपटली, तोही अंदाज? पुस्तकांतला माणूस ती टेबलावर ठेवतो, नाहीतर भिंतीला टेकवतो. शाळेतला शिक्षक तुमचा फोटो पाहून हसला. म्हणाला, 'हे तर आमचे जुने उस्ताद!' भंगारात काढलेली एक रायफल आठवण म्हणून तुम्हीच मागून नेलीत. साफ होऊन टेबलावर आलेली असली रायफल उचलून अदलाबदल तुम्ही केलीत. साफसफाईचं नाटक रचलंत ते बळीचा बकरा हाताशी असावा म्हणून."

"नीच माणसा!" मुलगी उठली. बंदूकवाल्याने तिचा हात धरला, पण तिला गप्प केलं नाही.

क्युरेटर शांतपणे चष्मा पुसू लागले. "मान्य. मग असली दाखवा ना. कुठे आहे?"

बेड्या घालतानाही ते हसत होते.

क्युरेटरांच्या घराच्या झडतीत काही निघालं नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी एक लांब पेटी ट्रान्सपोर्टने पाठवली होती. ज्या पत्त्यावर ती पोहोचली, तिथे मोकळा भूखंड आहे. ती उतरवून कुणी घेतली, हे चालकाला आठवत नाही.

"चोर सापडला ना? मग सील काढा," मुलीने दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन टेबलावर हात आपटला.

"आदेश माल मिळेपर्यंतचा आहे. वर लिहिलंय मी."

"वर म्हणजे देवाला?"

असली रायफल अद्याप मिळालेली नाही. दुकानाचं सील तसंच आहे.