परत आलेल्यांचा रकाना

खिडकीतून आधी पट्टी आत आली. पिवळी, लवलवणारी, लोखंडी पट्टी. ती थेट माझ्या परातीत येऊन पिठात टेकली. मी तिचं टोक धरलं आणि ओढलं.

बाहेरून आवाज आला, "अहो, सोडा! मोजून राह्यलो!"

"काय मोजून राह्यले? माझी परात?"

"खिडकी."

मग माणूस दिसला. सावळा, किडकिडीत, खिशाला दोन पेनं. कपाळावर घाम, पण डोळे हसरे.

"खिडकी हाय तिथंच हाय," मी म्हणाले. "ती काही पळून जात न्हाई."

"पळून जाणाऱ्यांचंच मोजायला आलोय. पण आधी खिडकी. सोडता का टोक?"

"हात पिठाचे हायेत. पट्टी खराब झाली तर?"

"विचारलं कुणी तर सांगतो... भाकरीवालीनं धरली होती."

मागं चुलीपाशी दुर्गामावशी वरण घोटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "साखरे, सोड गं. पट्टी धरायची का माणूस, ते एकदा ठरव."

मी टोक सोडलं. पट्टी सर्रकन बाहेर गेली, आणि पलीकडं कुणीतरी "आई गं!" म्हणून बोट चोखलं. मला हसू आवरेना.

नव्वद सालचा माघ होता तो. जालन्यात अंबड रस्त्याला 'नवी वाट' नावाचं मुलांचं बालगृह होतं. कोर्टाकडून आलेली सव्वीस मुलं तिथं राहायची. कुणी विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार चोरलेली, कुणी घरातून निघून रेल्वे स्टेशनावर सापडलेलं. मावशी आणि मी दोघी मिळून त्यांचा स्वयंपाक करायचो. आई गेली तेव्हा मावशीनं मला इथं आणलं होतं. बाप, बिरू त्याचं नाव, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. मी एकवीस वर्षांची होते. मागण्या यायच्या, पण कुणाला कालवण तिखट हवं असायचं, तर कुणाला बायको मुकी.

पट्टीवाला होता रायभान. वाटूरचा, आमच्यातलाच, धनगराच्या घरातला पहिला शिकलेला. सरकारनं त्या वर्षी ठरवलं होतं की सगळी बालगृहं मोजायची. त्यासाठी शंभर गुणांचा तक्ता होता. खाटा किती, खिडक्या केवढ्या, दिवसातून किती तास शिक्षण, किती मुलं पळाली. पन्नासच्या खाली गेलं की बालगृह बंद, आणि मुलं लांबच्या मोठ्या संस्थेत. तिथं भिंती उंच होत्या, आणि हसनाबादच्या एखाद्या आईला पोराला बघायला जायचं तर दोन दिवस मोडायचे. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आमचे अधीक्षक रामराव आठ दिवसांपासून नीट जेवत नव्हते.

रायभान चार दिवस राहणार होता.

पहिल्या दिवशी रामरावांनी पेटीतल्या पांढऱ्या चादरी काढून खाटांवर अंथरल्या, आणि त्या चुरगळू नयेत म्हणून मुलांना खाली सतरंजीवर झोपवलं. दुसऱ्या दिवशी रायभान ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला. तपासणीसानं मुलांचंच अन्न चाखायचं, असं तक्त्यात होतं म्हणे.

"चादरी स्वच्छ हायेत तुमच्याकडं," तो म्हणाला.

"हायेत की. हात लावून बघितल्या का?"

"का?"

"घडी अजून मोडली न्हाई त्यांची."

त्याचा घास हातातच राहिला. मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की दोन दिवस निळं होतं.

"साखराबाई," तो हळूच म्हणाला, "दोन गुण गेले तुमचे."

"खोट्याचे होते, गेले. भाकरी वाढू का?"

"भाकरीला कितपत गुण द्यावेत?"

"तुमच्या तक्त्यात किती हायेत?"

"पाच."

"मंग पाचच द्या. सहावा मनातल्या मनात द्या."

तो हसला. हसताना त्याची मान एका बाजूला कलायची. पुढं मी ती मान कलावी म्हणूनच काहीबाही बोलायला लागले, हे कबूल करते. अंगणातला कडुलिंब कोवळा फुटत होता. तो त्याच्याखाली मुलांशी बोलत बसायचा, आणि मधूनच नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडं यायची. मी तिथं असले की तो लगेच कागदावर काहीतरी लिहायचा. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "एवढं लिहून राह्यला, खिडकीवर पोथीच लिहितो की काय."

चौथ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा मान सरळ होती. पाणी मागितलं, आणि तांब्या हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"सांगायचं न्हाई असतं."

"तोंडावर तर लिहिलंय सगळं. मला अक्षर येत न्हाई, पण तेवढं वाचता येतं."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "चव्वेचाळीस. सहा कमी पडले."

माझ्या हातातलं उलथणं थांबलं. "कशात गेले?"

"पळालेल्या मुलांत. एका मुलामागं तीन गुण कमी. तीन वर्षांत अकरा मुलं पळाली. तीस गुणांचा रकाना, एकही उरला न्हाई."

"अकरा गेले, बराबर हाय. परत किती आले?"

"परत?"

"आं, परत! नऊ आले की. आपल्या पायानं."

त्यानं कागद उलटला. "गेटच्या वहीत तर फक्त पळाल्याचं लिहिलंय."

"वहीत कोण काय लिहितं ते मला काय ठाऊक? मी ताट वाढते. कोण आलं ते मला कळतं."

"साखराबाई, नुसत्या बोलण्यावर न्हाई चालत. तारीख लागते."

"तारीख न्हाई, पण दिवस सांगते. लिहा." मी तवा उतरवला आणि पदराला हात पुसले. "हसनाबादचा कडूबा. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी सकाळी आला. बैलाची शिंगं रंगवून आल्ता, बोटं हिंगुळानं लाल होती. मी विचारलं, का रं पळाला? म्हणाला, माझा सर्जा दुसऱ्याच्या हातानं रंग लावू देत न्हाई. त्याच्यासंगं आणखी दोघं गेल्ते. एक पाचव्या दिवशी आला, एक आठव्या. आईनं बांधून दिलेली पुरणपोळी घेऊन. सगळ्यांना एकेक तुकडा दिला, मला बी."

तो लिहू लागला. मी सांगत गेले. आजी आजारी म्हणून गेलेला शिवाजी, तिच्या दहाव्यानंतर आलेला. ज्वारी काढायला बापाला माणूस न्हाई म्हणून गेलेला, काढणी उरकून आलेला. एकेकाचा सण, एकेकाचा वार, येताना अंगात कुठला सदरा होता, ते सगळं.

"आन् दोन न्हाई आले," मी शेवटी म्हणाले. "भुजंग न्हाई आला. एक बारका होता, त्यो बी न्हाई. ते दोन मात्र धरा. बिलकुल धरा."

"हे सगळं ध्यानात कसं राह्यलं?"

"माझा बाप मेंढरं सकाळी मोजत न्हाई. सकाळी ती जाणारच. सांजच्याला मेंढरांच्या काटेरी वाडग्याच्या तोंडाशी उभा राहतो आन् कोण आलं ते बघतो. मी तशीच बघते."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "माझा आजा बी तसाच उभा राहायचा."

लगेच उठून तो रामरावांकडून जेवणाची वही घेऊन आला. रोज किती ताटं वाढली, त्याची वही. भिंतीवरची जुनी कॅलेंडरं खुंटीवरून उतरवली, पोळा कधी, दिवाळी कधी ते बघितलं, आणि वहीवर बोट फिरवत गेला. मी दाराशी उभी. मी एकही गोष्ट वाढवून सांगितली नव्हती.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी ताटं सव्वीसाची तेवीस," तो वाचू लागला. "तिसऱ्या दिवशी चोवीस... पाचव्या दिवशी पंचवीस... आठव्या दिवशी सव्वीस." त्यानं वर पाहिलं. "साखराबाई, एकाही दिवसाचा फरक न्हाई."

नऊच्या नऊ जुळले.

रामराव घाबरेघुबरे होऊन आत आले. "अगं साखरा, काय केलंस हे! पोरगं परत आल्याचं लिहिलं तर आधी पोलिसांत कळवायचं का न्हाई, कोर्टात कळवायचं का न्हाई, शंभर प्रश्न. म्हणून मी वहीत गुपचूप ताट वाढवायचो."

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही ताट वाढवलं हे चांगलं केलं. ते लपवलं हे वाईट केलं. आता खरं सांगून टाका, पोरं राहतील तरी."

रामराव खुर्चीत बसले. त्यांनी टक्कल चोळलं. मग म्हणाले, "लिहा रायभान. माझी सही घ्या."

रायभाननं चव्वेचाळीस खोडले नाहीत. तक्त्याचा नियम तो नियम. पण मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं आणखी एक रकाना आखला, 'परत आलेले', आणि नऊ नावं लिहिली. खाली रामरावांची सही झाली. बाजूला माझा अंगठा.

"यावरून वरचे चिडतील," तो म्हणाला. "छापील तक्त्याबाहेर लिहायची परवानगी न्हाई मला."

"मंग?"

"मंग काय. खरं हाय ना? लिहिलं."

त्या एका शब्दावर माझं मन गेलं. लिहिलं. मला अक्षर येत नव्हतं, पण कोण कशासाठी लिहितं ते कळत होतं.

दुपारी तो निघाला. मी मुलांची भांडी घासत हौदापाशी बसले होते. तो जवळ येऊन थांबला. पिशवी या हातातून त्या हातात.

"साखराबाई... मला एक बोलायचं होतं."

"आज नका बोलू."

"का?"

"आज बोललात तर लोक म्हणतील, भाकरीवालीसाठी रकाना वाढवला. पोरांचं खरं बी खोटं ठरंल."

त्यानं मान हलवली. "तेच सांगायला आल्तो, की आज बोलता येत न्हाई. निकाल लागला की चिठ्ठी पाठवतो."

"चिठ्ठी बिलकुल पाठवायची न्हाई! ती रामरावसाहेब वाचून दाखवणार, मावशी मधीमधी 'पुन्यांदा वाचा' म्हणणार."

"मंग काय करू?"

"यायचं," मी म्हणाले आणि राखेचा हात पुन्हा पातेल्यावर फिरवला. वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पातेलं तसंच राहिलं असतं.

फाल्गुन गेला. चैत्र आला. कडुलिंब मोहरला, अंगणभर त्याचा गोडकडू वास. मावशी रोज टोमणे मारायची, "वाटूरची एष्टी पंक्चर झाली वाटतं." मी म्हणायचे, "येईल. जल्दी काय हाय?" खरं सांगते, मनात शंका आली नाही. निकालाची भीती मात्र रोज वाटायची. एकेका मुलाला ताट वाढताना वाटायचं, पुढच्या महिन्यात ह्याला कोण वाढेल...

आणि पाडव्यानंतर कागद आला. रामरावांनी तो उभ्यानंच वाचला, सगळ्या मुलांसमोर. बालगृह बंद होणार नाही. एक वर्षाची मुदत. चादरी वापरात आणाव्यात. परत आलेल्या मुलांची नोंद यापुढं रीतसर ठेवावी. मुलांनी असा गलका केला की मावशीनं आधी त्यांना शिव्या दिल्या आणि मग पदरानं डोळे पुसले.

पाचव्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळेला, रायभान गेटातून आत आला. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला पेन नाही.

"या तपासणीससाहेब!" रामराव धावले. "पुन्हा मोजणी?"

"मी तपासणीस न्हाई आता. तक्त्याबाहेर लिहिलं म्हणून कामावरून काढलं. वाटूरच्या शाळेत मास्तर झालोय." हे तो रामरावांना सांगत होता, पण बघत होता माझ्याकडं. "आता काही बोललो तर कुणाचे गुण वाढत न्हाईत, कमी होत न्हाईत. साखराबाईला मागणी घालायला आलोय."

सव्वीस मुलांचे हात ताटातच थांबले. मावशीच्या हातून पळी वरणात बुडाली.

मी टोपलं उचललं आणि म्हणाले, "बसा. पंगत चालू हाय. पोरांचं झाल्यावर बोलू."

तो मुलांच्या ओळीत बसला. मी शेवटच्या मुलाला शेवटची भाकरी वाढली, टोपलं ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"माझ्यापायी नोकरी गेली का?"

"तुमच्यापायी न्हाई. नऊ पोरांपायी. आन् गेली ती गेली, मला पस्तावा न्हाई."

"मी हे स्वयंपाकघर सोडणार न्हाई."

"मी कुठं सोडा म्हणलं? वाटूरहून जालन्याला एष्टी येते. मी येत जाईन. बदली मिळेपर्यंत."

"मला लिहिता वाचता येत न्हाई."

"मला मोजता येतं असं वाटत होतं, ते बी तुम्हीच शिकवलं." त्याची मान कलली. "आणखी काही?"

"हाय एक. तुम्ही मला आवडता. ते त्या दिवशी सांगायचं राह्यलं."

मुलांनी ताटं वाजवली. रामराव "अरे, शिस्त, शिस्त!" ओरडत स्वतःच हसत होते.

राहिला माझा बाप. त्याला विचारल्याशिवाय पुढं जायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला मधे बसवून आम्ही एष्टीनं अंबडकडं निघालो. बापाचा तळ त्या दिवसांत अंतरवाली सराटीकडं होता, तिथल्या चौकात उतरलो. मावशी चहाच्या टपरीवर सावलीला बसली आणि म्हणाली, "मला उन्हात चालवत न्हाई. जा, शोधून आणा बिरूला. आन् रस्त्यानं नीट चाला, दोन हातांवरून."

आम्ही रानात शिरलो. काढलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मोकळी काळी ढेकळं, लांबवर कुठं कुठं बाभूळ. आता त्याला 'साहेब' कसं म्हणायचं, आणि नाव तर घेता येईना. मग "अहो" म्हणाले. पहिल्यांदाच. तो ढेकळाला अडखळला.

"कुणाच्या रानात मेंढरं बसवलीत त्यांनी?" त्यानं विचारलं.

"शोधावं लागंल," मी म्हणाले. "ओढ्याच्या अलीकडं बघू, पलीकडं बघू, मंग त्या टेकाडापल्याड."

"लांब हाय की मंग."

"हाय जरा."

तो हसला आणि चालू लागला. दोन हातांचं अंतर टेकाडापर्यंत एका हातावर आलं होतं.

बाप चौकामागच्या दुसऱ्याच रानात बसला होता. एष्टीतून उतरतानाच मी त्याची घोंगडी पाहिली होती.