दुसरा थेंब

एरेमन मेलीताच्या खिडकीशी आला तो म्हणे चुकून. त्याला हवी होती इस्पितळाची औषधं देणारी खिडकी आणि उभा राहिला औषध तपासायच्या खोलीसमोर. समोरच्या बेटावरून होडी हाकत आलेला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, सुपारीने ओठ लाल.

"बेटावरच्या दवाखान्याचं औषध इथंच मिळतं ना?"

"शेजारी. आणि चुन्याचे हात खिडकीला लावू नका, आत्ताच पुसलीय."

त्याने हात पाठीमागे नेले, पण जागचा हलला नाही. "जॅमच्या बरणीत काय शिजवताय, बाई?"

ती बरणी म्हणजे मेलीताची सगळी प्रयोगशाळा. तळाशी बोटभर द्रव, त्यात उभी पांढऱ्या लेपाची पट्टी. पट्टीवर डावीकडे खात्रीच्या औषधाचा एक थेंब, उजवीकडे नव्या पेटीतल्या औषधाचा एक. द्रव थेंबांना घेऊन वर चढतो, मग आयोडिनच्या वाफेत तपकिरी ठिपके उमटतात. दोन्ही सारखे गडद, तर औषध पुरं. उजवा फिकट, तर औषध कमी. राजधानीतलं यंत्र महिन्याने सांगतं, ते ही बरणी तासाभरात सांगते.

"म्हणजे औषधाची लबाडी तुम्ही पकडता?"

"माणसांचीसुद्धा."

"मग सांगा बघू… माझं लग्न झालंय का?"

"झालं असतं तर असल्या पायांनी घराबाहेर सोडलं नसतं कुणी!"

तो खो-खो हसला. तीही हसली, काचनळी पुन्हा बुडवली आणि हातातल्या पट्टीवर उजवीकडे टेकवली. ठिपके सारखे उमटले. पेटी पास झाली. एरेमन तिचं नाव विचारून, औषधं घेऊन गेला आणि मेलीता आठवडाभर उगाचच खिडकी पुसत राहिली.

महिन्याने तो आला तेव्हा ओठ लाल नव्हते.

"मेलीता, पोरं बरी होत नाहीयेत. तिघांना न्युमोनिया. त्यात माझी भाचीही आहे, तीया. चार दिवस अमॉक्सिसिलीन चालू आहे तरी ताप हटत नाही." त्याने खिशातून कॅप्सूल काढल्या. "माझंच काही चुकतंय का गं? होडीत पेटी उन्हात राहिली असेल का? दुपारी वारा उठायच्या आत मला परत निघायला हवं."

मेलीताने त्याच पेटीतली, इथेच राहिलेली कॅप्सूल आपल्याही कपाटातून काढली. पट्टीवर तीन थेंब टेकवले — खात्रीचा, त्याचा, तिचा. तिसरा थेंब टेकवताना तिचा हात मध्येच थांबला. महिन्यापूर्वी… नळी आपण किती वेळा बुडवली होती?

पट्टी निम्मी भिजली आणि धक्का बसला. भूकंप इथे नेहमीचा, पण हा दांडगा होता. कपाट खडखडलं, लोक अंगणात धावले. एरेमनने बरणी दोन्ही हातांत उचलली आणि लाटेवर उभं राहावं तसा गुडघे वाकवून डुलत राहिला. द्रव हललासुद्धा नाही.

"लग्न होऊन घरी बसलो असतो तर होडीतलं हे डुलणं शिकलो नसतो," तो पुटपुटला. मेलीताला रडू फुटायचंच बाकी होतं. इतकं चांगलं वागू नकोस रे आत्ता!

ठिपके उमटले. खात्रीचा गडद. बाकीचे दोन्ही निम्मे.

"म्हणजे ऊन नव्हे," एरेमनने श्वास सोडला. "पेटीच खोटी. पण मग त्या दिवशी…"

"त्या दिवशी मी नव्या औषधाचे दोन थेंब टाकले. एकावर एक, म्हणून निम्मं औषध पुरं दिसलं. तुझ्याकडे बघत होते." तिने मान वर केली. "महिनाभर तुझीच वाट बघत होते, एरेमन. आणि तीया माझ्यामुळे आजारी आहे."

त्याने उरलेल्या कॅप्सूल तिच्यासमोर ठेवल्या. "तीन पोरं आहेत, मेलीता." एवढंच बोलला. तिने काढून दिलेली जुनी, तपासलेली पेटी उचलली आणि निघाला.

मेलीताने नोंदवहीत आपली चूक आपल्या सहीने लिहिली, वही मेट्रनच्या हातात दिली आणि बरणी उराशी धरून किनाऱ्याकडे पळाली. बेटावरच्या आणखी दोन दवाखान्यांत त्याच पेटीतलं औषध गेलं होतं. एरेमन इंजिन सुरू करत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त सरकून जागा केली.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती तपासत राहिली, तो पोरांपाशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तीयाने भाजलेलं केळं मागितलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं मामाच्या तोंडात कोंबलं.

तसाच, तोंडात केळं घेऊन, तो मेलीताच्या मागे येऊन उभा राहिला. ती शेवटच्या पेटीचा थेंब टेकवत होती.

"एक," तो मोठ्याने म्हणाला आणि काचनळी तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

"एरेमन…"

"शेजारची खिडकी मला पहिल्यापासून दिसली होती. मुद्दाम तुझ्यापाशी थांबलो, मुद्दाम हसवलं." त्याने नळी बाजूला ठेवली. "तो दुसरा थेंब निम्मा माझाही आहे. आता पुढे थेंब तू टाकायचे… मोजायचे मी. चालेल?"

मेलीता मान हलवून हो म्हणाली. मग त्याचे केळ्याने चिकट झालेले हात पाहून म्हणाली, "आधी ते धुवून ये."