आगाऊ मासा, आगाऊ मुलगी

वाशीच्या त्या माशांच्या दुकानात मी मीठ घ्यायला गेले होते — घरच्या टाकीत समुद्राचं पाणी बनवायचं मीठ — आणि काउंटरपाशी एक उंच मुलगा मालकाशी हुज्जत घालत उभा होता. हातात पाण्याने फुगलेली पिशवी. पिशवीत फ्लेम एंजल. बोटाएवढा मासा, निखाऱ्यासारखा लालकेशरी, अंगावर काळे उभे पट्टे आणि परांच्या टोकांना निळी कड.

त्याला तो परत करायचा होता. का, तर मासा त्याच्या टाकीतले निवडून आणलेले प्रवाळ कुरतडतो. मालक म्हणत होता, मी आधीच बजावलं होतं, या बुटक्या एंजलचा भरवसा नसतो. काही नुसतं शेवाळ खाऊन राहतात, काही दिसेल त्याला तोंड लावून बघतात.

माझा काही संबंध नव्हता. पण गप्प बसणं मला जमत नाही.

"समोर ताट वाढून ठेवायचं आणि खाल्लं की घराबाहेर काढायचं, असं आहे का तुमच्याकडे?"

तो वळला. डोळे हसरे... नको तेवढे हसरे.

"फार आगाऊ आहे हो," तो म्हणाला. मग घाईघाईने, "मासा म्हणतोय मी."

"मलाही घरी तेच म्हणतात. द्या इकडे."

मी पिशवी घेऊन करंजाडेला आले. माझी टाकी लहान, हॉलमध्ये टीव्हीच्या जागी मांडलेली. पण जुनी आणि मुरलेली. दगडांवर भरपूर शेवाळ. प्रवाळ म्हणाल तर चामड्यासारख्या जाडजूड जातीचे दोन-चार, ज्यांना कुणी चावलं तरी काही वाटत नाही. माशाचं नाव ठेवलं आगाऊ. पहिल्या दिवशी तो दगडाआड बसून राहिला, दुसऱ्या दिवशी अख्खी टाकी त्याच्या बापाची झाली.

त्या मुलाचं नाव विपुल घरत. द्रोणागिरीजवळच्या गावचा, तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर. मासा बघायला येऊ का, असं त्याने विचारलं, आणि मग दर रविवारी मासा बघायला येत राहिला. त्याच्या आईने, पुतळाबाईंनी, त्याची टाकी पहिल्यांदा बघून यातला कालवणाचा कुठला असं विचारलं होतं. ते सांगताना तो कानापर्यंत लाल झाला. माझ्या बाबांशी त्याची लगेच गट्टी जमली. तसे माझे बाबा कुणाशीही सहज बोलत नाहीत.

पाण्याचा खारटपणा मोजायची एक छोटी नळी असते, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावायची. एकदा ती त्याने माझ्या डोळ्याला लावून धरली. उजेडाकडे वळवायला म्हणून हनुवटीखाली एक बोट टेकवलं... आणि बोट तिथेच राहिलं.

"किती दिसतंय?" त्याने हळूच विचारलं.

"काही दिसत नाहीये."

"मग अजून बघ ना. घाई काय?"

मी बघत राहिले. नळीतलं खरंच काही दिसत नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या दिवशी मी प्रेमात पडले, सरळ सांगते.

अडचण सगळ्यांना ठाऊक असते तीच. ते आगरी, आम्ही बौद्ध. बाबा नांदेडकडून आलेले, आडनाव सोनकांबळे. आडनाव ऐकलं की समोरच्याचा चेहरा किती बदलतो ते मी शाळेपासून बघत आलेय. विपुलने घरी सांगितलं. पुतळाबाई रडल्या, जेवल्या नाहीत, आणि शेवटी एका अटीवर तयार झाल्या. ती अट त्याने मला एका संध्याकाळी सांगितली.

त्या दिवशी त्याने माझ्यासाठी गोबी जातीचा एक मासा आणला होता, अगदी भित्रा, करंगळीएवढा. आगाऊ त्याला छळणार हे उघड होतं. विपुलने टाकीतले दगड इकडचे तिकडे केले आणि टाकीचा दिवा बंद करून गोबीला हळूच पाण्यात सोडलं.

"नव्याला असंच सोडायचं असतं. बत्ती बंद करून. सकाळी जुन्यांना वाटतं, हा इथलाच."

मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आपणही तसंच करूया ना... आई म्हणते, पोरीला आपन नुसती प्रिया म्हनू. आडनाव कोनी इचारलं तर टाळू. नातेवाईक रुळले की मग सांगू. टेन्शन नाही."

मला भयंकर राग आला.

"माशाला अंधार दे, विपुल. त्याचा जीव वाचतो. मला नको. माझं नाव बाबांनी ठेवलंय, संघप्रिया. त्यातला अर्धा शब्द आणि अख्खा बाप दाराबाहेर ठेवून मी तुझ्या घरात यायची नाही."

"मी फक्त थोडे दिवस म्हणतोय..."

"थोड्या दिवसांनी मुलं होतील. त्यांना काय सांगू?"

तो गेला. पुढचे कितीतरी रविवार आला नाही. मी रडले, नाही असं नाही. पण फोन केला नाही. बाबा आगाऊला खाऊ घालताना मधूनच दाराकडे बघायचे, तेवढंच.

आणि एका शनिवारी त्याचा फोन. चुलत बहिणीची, उन्नतीची हळद आहे, ये. मी म्हटलं, कोण म्हणून येऊ? तो म्हणाला, ये तर.

मी निळी साडी नेसले. मुद्दाम. बाबा चपला शोधून देत म्हणाले, "तिथं बरं वाटंना तर फोन कर. मी न्यायला येतो."

आगरी हळद म्हणजे अख्खं गाव मांडवात. हॅलोजनचा लख्ख उजेड, मटणाचा वास, कानठळ्या बसवणारा डीजे. दोन गाण्यांच्या मधे माइकवाला येणाऱ्या पाहुण्यांची नावं-गावं पुकारून स्वागत करत होता. मी मांडवाच्या तोंडाशी उभी राहिले. विपुलने मला बघितलं, तडक मंचावर गेला आणि माइक काढून घेतला.

"करंजाडेहून आलेल्या संघप्रिया मारोती सोनकांबळे," त्याचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही, "यांचं घरत परिवारातर्फे मनापासून स्वागत. मी यांच्याशी लग्न करणार आहे. कोणाला काय विचारायचं असेल तर आत्ता विचारा."

डीजेवाल्यालाही गाणं लावायचं सुचलं नाही. ज्यांना सगळं घर घाबरतं त्या विपुलच्या सत्यभामा आत्या ताटावरून उठल्या आणि माझ्या अंगाला अंग लागू न देता बाहेर गेल्या. त्यांच्यामागे आणखी काहीजण. मी जागची हलले नाही. उलट मान आणखी वर केली.

पुतळाबाई समोर आल्या. डोळे भरलेले, राग तर जराही लपत नव्हता. मला वाटलं, आता हात धरून बाहेर काढतील.

"पोरीला उबी का ठेवलीस?" त्या मुलावर ओरडल्या. "खुर्ची दे तिला."

विपुल माइक तसाच हातात घेऊन धावत आला. घामाने चिंब, चेहरा पांढरा पडलेला.

"आता तरी हो म्हणशील?" त्याने विचारलं, आणि माइक चालू असल्यामुळे ते अख्ख्या गावाने ऐकलं.

मी माइक त्याच्या हातातून घेतला.

"हो," मी म्हटलं, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं.