पिवळ्याचं हिरवं होईपर्यंत

सुनेला विचारून घ्यायची रीतच ठाऊक नव्हती! हौसाबाईंच्या उबवणी पेटीची अर्धी वीज मंजिरीनं परस्पर काढून घेतली, आणि लावली कशाला? तर एका काचपात्रावरच्या निळ्या दिव्याला.

"सासू म्हणजे काय भिंतीवरचं कॅलेंडर?" हौसाबाई नातीला, कृतिकाला म्हणाल्या. "अंड्यांतली पिल्लं चोच मारायला आलीत, आणि तुझी आई पाण्याला उजेड दाखवत बसलीय!"

मंगळावर धुळीचं वादळ सुरू होतं. सौरपट्ट्या झाकून गेलेल्या, साठवलेली वीज आटत आलेली, वस्तीची मोठी अणुभट्टी इंधनावाचून थंड. या ग्रहावरची पहिली कोंबडीची पिल्लं जगणार की अंड्यातच गारठणार? हौसाबाईंनी पेटीवर स्वतःची गोधडी घातली आणि कृतिकाचा हात धरून तडक प्रयोगशाळा गाठली.

जाड काचेपलीकडे, यांत्रिक हातांच्या मधोमध, पिवळं द्रावण होतं.

"आई, हे काय गं?" कृतिकानं विचारलं.

"भट्टीतलं जुनं इंधन आम्लात विरघळवलंय," मंजिरी म्हणाली. "त्यात युरेनियम आहे. हे ॲक्टिनाइड (जड, किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या एका कुटुंबातलं). त्याच्या अणूचे सहा इलेक्ट्रॉन गेलेत. किती गेले, त्यावरून ठरते ऑक्सिडीकरण अवस्था. सहाची अवस्था पिवळी. ती विरघळूनच राहते. दोन इलेक्ट्रॉन परत मिळाले की चारची, हिरवी. मग ऑक्झॅलिक आम्ल घातलं की युरेनियम तळाशी बसतं, बराचसा कचरा वर राहतो. झालं इंधन!"

"परत देणार कोण?"

"पात्रातलं अल्कोहोल. पण आपणहून नाही. फोटॉन (उजेडाचा कण) आदळला की युरेनियम चवताळतं आणि इलेक्ट्रॉन हिसकावून घेतं."

"मग माझा शेकायचा लाल दिवा ने की!" हौसाबाई कडाडल्या. "थोड्या विजेतही चांगला चटका देतो. निळ्याची वीज पेटीला दे."

"नाही चालणार, आत्या. लाल कणाची ताकद कमी. रांगतं मूल उंबऱ्याशी शंभरदा उसळलं, तरी अलीकडेच राहतं. ओलांडायला एकच उडी, पण पुरेशी उंच लागते. निळ्या कणात ती आहे."

"म्हणजे दिवा किती गरम ते नाही, कण किती जोरकस ते बघायचं," कृतिका पुटपुटली.

द्रावण पिवळंच होतं. भिंतीवरच्या पडद्यावर पेटीचा पारा उतरत चालला.

"अजून किती?" हौसाबाईंनी विचारलं.

"खरं सांगू? माहीत नाही."

हौसाबाईंचा हात निळ्या दिव्याच्या बटणावर गेला. मंजिरीनं अडवलं नाही, नुसतं पाहिलं. आता विझवला तर पेटी जेमतेम थोडा वेळ तगेल, आणि पुढे सगळ्यांनाच थंडी. हौसाबाईंनी हात मागे घेतला आणि पदराखाली घट्ट दाबून धरला.

"आज्जी, बघ!"

काचेलगत हिरवट झाक आली होती. बघता बघता सगळं पात्र हिरवं झालं. आम्ल पडलं, हिरवा गाळ खाली बसला. यंत्रांनी त्याचं इंधन केलं, भट्टी धगधगली आणि नळ्या कोमट झाल्या.

काही अंडी गारच राहिली. बाकीच्यांतून मात्र चिवचिव आली.

"वादळ सरलं की सूर्याचा उजेडही हे काम करेल?" कृतिकानं विचारलं.

"त्यात निळा असतोच. करेल."

हौसाबाईंनी ओलं पिल्लू सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"मंजिरी, न विचारता घेतलंस, ते मला आवडलं नाही, पुढेही आवडणार नाही. पण मी थकले की ही पेटी कुणाच्या हाती द्यायची, ते आज ठरलं. तुझ्या."