डोळे मिटून काढलेला फोटो

विजेचा फोटो काढायचा तर डोळे मिटायचे, हे मला बाबांनी शिकवलं. शटर उघडं ठेवून भिंगासमोर काळी टोपी धरायची. एक गडगडाट विरला की टोपी बाजूला घ्यायची आणि पुढच्या विजेपर्यंत डोळे घट्ट मिटून राहायचं. "बघायचं काम कॅमेऱ्याचं," ते म्हणायचे. "तू बघत बसलास तर डोळे दिपतील आणि पुढचा फोटो घालवशील." बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी तसंच करतो.

त्या संध्याकाळी वादळ आलं आणि दिवे गेले. ताई परगावी नोकरीला, ती उद्या यायची होती. तोवर आई माझ्या भरवशावर. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच असे, आणि त्या आठवड्यात डॉक्टरांनी जवळजवळ हात टेकले होते. मी तिच्याजवळून हलायला तयार नव्हतो. तीच म्हणाली, "जा रे गच्चीवर. माझ्या तोंडाकडे बघत बसलास म्हणून मी काही उठून नाचणार नाहीये."

जिन्याच्या दारात, कोरड्या जागी, ट्रायपॉड लावला आणि तीन फोटो काढले. दुसऱ्याच्या वेळी गच्चीवरच्या पाण्यात चपला वाजल्या. शेजारचं कुणी राहिलेले कपडे काढायला आलं असेल, असं वाटलं. डोळे काही उघडले नाहीत. तिसऱ्याच्या वेळी माझ्या खांद्याला ओलं कापड घासून गेलं, आणि फोटो धुवायच्या औषधाचा आंबूस वास आला. ते औषध बाबांनंतर घरात कुणी आणलेलं नाही.

मग मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिले. पहिल्यात वीज झकास आली होती. कठड्यापाशी छत्री घेऊन एक माणूस पाठमोरा उभा होता. छत्रीची एक काडी मोडून तिथलं कापड लोंबत होतं. दुसऱ्यात तो माझ्याकडे चालत येत होता, तोंड छत्रीखाली. तिसऱ्यात गच्ची रिकामी होती.

गच्चीवरून उतरायला तो एकच जिना आहे. धडपडत खाली आलो.

आई जागी होती. तिचा श्वास ऐकून मला रडूच आलं.

"तुझे बाबा आले होते," ती म्हणाली. "चल म्हणाले. म्हटलं, पोरगी आल्याशिवाय कशी निघू? ह्याला तर धड चहाही जमत नाही."

"मग...?"

"मग काय. बरं म्हणाले आणि गेले खाली."

मी तडक ताईला फोन लावला. उद्या येऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं.

"अरे, मी आजच निघाले," ताई म्हणाली. "गल्लीच्या तोंडाशी पोचलेय. भिजत नाहीये, काळजी करू नकोस. एक आजोबा छत्रीतून सोडतायत... अंधारात तोंड दिसत नाही, बोलतही काही नाहीत. माझ्या बाजूची काडी तेवढी मोडलीय, एक खांदा ओला होतोय."

मी दाराला आतून कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळाने जिन्यात चपला वाजायला लागल्या. दोघांच्या.

"आली वाटतं पोरगी," आई आतून म्हणाली. "दार उघड रे... आणि माझ्या चपला काढून ठेव."